मी विडा घेतला होता

आमच्या गावातली एक बाई माझ्या परवानगीने एका परक्या माणसाबरोबर गेली आणि परत आली नाही. त्या माणसाने तिला मारलं. तो कोण, कुठला, हे विचारणं माझं काम होतं. मी ते विचारलं नाही. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर ती चूक होती असं म्हणून मी कदाचित स्वतःची समजूत घातली असती. पण पुढे मला विचारलं गेलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि ते खोटं पुष्कळ वर्षं सांभाळलं. आता वय झालं आहे. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मी तेव्हा नुकताच पोलीस पाटील झालो होतो. मानमोडीच्या तापाच्या साथीत वडील गेले आणि पाटीलकी माझ्याकडे आली. आमचं गाव दुसरबिडाच्या बाजाराला जवळ. तहसील मेहकरला, जिल्हा बुलढाण्याला, त्याच्यावरचं सरकार नागपूरला. यातलं आमच्या उपयोगाचं मेहकरच तेवढं. गावाच्या दुसऱ्या अंगाला थोडं चाललं की शिवेचा दगड लागायचा आणि दगडापलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. माणसं, गुरं, सोयरीक सगळं त्या दगडावरून ये-जा करायचं. थांबायची ती फक्त खबर. तिकडे गेलेल्या माणसाचं काय झालं हे इकडच्या ठाण्याला कळत नसे, आणि कळलं तरी इकडच्या फौजदाराला तिकडे जाता येत नसे.

विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आम्ही पाट म्हणतो. कुणब्यांत पाट होतो आणि त्यात कमीपणा नाही असं सगळे म्हणत, पण तो उजेडात कोणी लावत नसे. वद्य पक्षात, गावाबाहेर, अंधार पडल्यावर लागायचा. पहिल्या सासरचं माणूस पाटाला जायचं नाही. सवाष्णींनी तर जाणाऱ्या बाईचं तोंडही पाहायचं नाही, म्हणून ती निघाली की वाटेवरच्या घरांची दारं लागायची. सगळ्यांनी पाठ फिरवायची अशीच ती रीत होती, आणि त्यासाठीच एका माणसाने डोळे उघडे ठेवायचे, तो पाटील. नवऱ्याकडचा माणूस चावडीवर यायचा, फडक्यात बांधून आणलेलं लुगडं आणि काकणं पाटलापुढे सोडून दाखवायचा आणि विडा ठेवायचा. पाटलाने विडा उचलला की गावाची परवानगी झाली. ते लुगडं-काकणं घरच्यांनाही आधी दाखवत नसत. बाईने ती पाटाच्या जागीच अंगावर घालायची.

वडील विडा लगेच उचलत नसत. आलेल्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गावचा, आमच्या ओळखीचा, असा एक माणूस उभा करा." तसा माणूस घेऊन तो पुढच्या बाजाराला परत आला तरच विडा. मी एकदा त्यांना म्हणालो होतो की लोक कंटाळतात. ते म्हणाले, "बैल घेतानी तू दात पाह्यतं का नाही पाह्यत?"

मला बैलांचं फार वेड होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. शंकरपटाच्या शर्यतीत पळवायची एक खिलारी जोडी मी बाळगली होती. तिच्यासाठी खास छकडा, खास झूल. सकाळी त्यांना फिरवायला काढलं की मी स्वतः कासरा धरायचो आणि लोकांनी बघावं म्हणून मुद्दाम शेतांकडच्या वाटेने न्यायचो.

त्या वाटेवर एका लहान शेतात एक सासू आणि तिची विधवा सून काम करताना दिसायच्या. सुनेचा नवरा मानमोडीतच गेला होता. तिचे आईबाप त्याच साथीत. बांधावर बोरीला झोळी बांधलेली, त्यात तिची तान्ही मुलगी. ही सून मोठ्या आवाजाची होती. हसली की दोन शेतं ओलांडून ऐकू यायचं. विधवेने पाटलाशी बोलावं अशी पद्धत नव्हती, पण ती बोलायची. एकदा मी जवळून जाताना तिने कंबर सरळ करून हाक मारली, "पाटील, बैलाच्या आंगावर भरजरी झूल अन् आमच्या रस्त्यात कंबरभर गड्डे! बैलाले दिसत नाहीत का तुमच्या?"

सासू तिला दटावत म्हणाली, "गप बस वं. पाटील हाय तो."

"मंग पाटलालेच सांगतलं. बैलाले सांगू का?"

मी हसलो नाही, पण मला राग आला नव्हता. रस्ता मात्र मी केला नाही.

माघात एक माणूस दुसरबिडाच्या बाजारात दिसू लागला. चाळिशीचा, स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. बैल पाहायला येतो म्हणायचा. कोणीतरी त्याची त्या सासूशी गाठ घालून दिली. मोगलाईत त्याच्या भावाची विहिरीची जमीन आहे, भावजय वारली आहे, पाटाची बाई पाहतो आहे, असं त्याने सांगितलं. सासूने स्वतःच मनावर घेतलं. शेजारणींना ती म्हणाली, "मी आज हाय, उद्या नाही. मंग हिनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?" सुनेची एकच अट होती. होळीच्या आत येऊन पोरीला घेऊन जाऊ द्यायचं. तो कबूल झाला.

तो चावडीवर आला त्या दिवशी शेजारच्या गावात शंकरपट होता. मी निघायच्या घाईत होतो. कोतवाल बैल धुवायला नदीवर गेलेला, चावडीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्याने रामराम केला आणि फडकं सोडलं. हिरवं लुगडं आणि त्याच्यावर काकणं. काकणं माझ्या लक्षात राहिली, कारण आमच्या बाजूला तशी मिळत नसत. जाड काच, गर्द हिरवी, मधून पिवळी रेघ. त्याने विडा ठेवला. मी वडिलांचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात कोतवाल बैल घेऊन समोर आला.

"वा!" तो माणूस उठूनच उभा राहिला. "डावा जरा लाजरा हाय, नाही का पाटील? पण पळताना उजव्याले तोच ओढत असंल."

हे खरं होतं, आणि माझ्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही अशी माझी समजूत होती. आम्ही बैलांवर बोलत राहिलो. पाय कसे, छाती कशी, पटाला आधी काय खाऊ घालावं. तिकडून छकडा जोडला गेला. तो म्हणाला, "तुमचा खोळंबा होते पाटील. तेवढा विडा घ्या, म्हणजे मी मोकळा."

मी विडा उचलला. गावाचं नाव त्याने मघाशी सांगितलं होतं, ते मला नीट आठवतही नव्हतं.

त्या दिवशी माझी जोडी पट जिंकली. दिवस मावळता मी गुलाल लावून परत येत होतो तेव्हा गावाच्या तोंडाशी त्या माणसाची दमणी, बैलांची हलकी गाडी, समोरून आली. तो पुढे हाकत होता, ती मागे पदर ओढून बसलेली, मांडीवर लहान गाठोडं. माहेरची चांदीची सरी आणि वाक्या तेवढ्या तिने घेतल्या होत्या, सासरचं सगळं सासूकडे ठेवलं होतं. रस्त्यावरची दारं लागलेली होती. मी छकडा बाजूला घेतला. जवळून जाताना तिने पदर थोडा वर केला.

"पाटील, जिंकले का?"

"हाव. जिंकलो."

"मंग आता तरी रस्ता करा. होळीले येतो मी पोरीले न्यायले, तवा गड्डे नाही दिसले पाह्यजे."

तो माणूसही हसला. दमणी शिवेकडे गेली.

होळी झाली. ती आली नाही. पाडव्याच्या सुमाराला तिची सासू चावडीवर येऊन पायरीशी बसली. "पाटील, नवी हाय, नाही निघू देलं असंल. पण लेकरू रातचं तिच्या नावानं रडते. कोणाले तरी पाठवा." मी येईल येईल म्हणालो. ती गेल्यावर मात्र मी कोतवालाला, बैल पाहायच्या निमित्ताने म्हणून, मोगलाईत पाठवलं. गावाचं नाव आठवेल तसं सांगितलं. तो तीन-चार गावं फिरून आला, चावडीच्या खांबाशी उभा राहिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मालक, तसं घर नाही तिकडं. तसा माणूसच नाही."

त्या क्षणी मला कळलं होतं. काय झालं असेल ते नव्हे, पण वाईट झालं हे कळलं होतं. मेहकरला जाऊन वर्दी द्यायची, माणसाचं वर्णन द्यायचं, एवढं माझ्या हातात होतं. पण वर्दी दिली की पहिला प्रश्न आला असता, तुम्ही त्याला कसं जाऊ दिलं? मी नवा पाटील. भाऊबंद पाटीलकीवर डोळा ठेवून होते. आज-उद्या करत मी दिवस घालवले.

मग सासू पुन्हा आली, या वेळी चावडी भरलेली असताना. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पाटील, तुम्ही त्या माणसाले पाह्यलं. तुम्ही विडा घेतला. मले त्यानं मोगलाई एवढंच सांगतलं. तुम्हीच सांगा तो कुठला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा एक चुलतभाऊ होता, त्याने मुद्दामच विचारलं, "हाव का दादा? तुम्ही विडा घेतलता? जामीन कोण होता मंग?"

मी म्हणालो, "मी कोणाचा विडा घेतला नाही."

इतकं सहज निघालं ते तोंडातून. म्हातारी माझ्याकडे पाहतच राहिली. एक जण म्हणाला, "सून मोगलाईत नवरा करून गेली त पाटलाच्या माथी काऊन मारतं बाई?" दुसरा हसला, "चांदी घेऊन गेली म्हणते. गडी पाहून ठेवलाच असंल आधी." कोतवाल खाली मान घालून उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्या दिवसापासून ती बाई गावाच्या लेखी पळून गेलेली ठरली.

वैशाखात शिवेच्या अलीकडच्या उजाड गावातल्या बारवेतलं उघडकीला आलं. प्लेगच्या वेळी ते गाव उठून गेलं होतं, ते परत वसलं नाही. धनगरांची एक मेंढी बारवेत पडली म्हणून ते उतरले तर तळाच्या गाळात माणसांची हाडं. एकीची नव्हेत. सगळ्या बायाच होत्या. अंगावर सोनं-चांदी काही नाही.

मेहकरचा फौजदार आला. मुसलमान होता, उंच, कमी बोलणारा. आसपासच्या गावांच्या सगळ्या पाटलांना त्याने आमच्या चावडीवर बोलावलं. उन्हाच्या झळा येत होत्या, मडक्यातलं पाणी पुन्हा पुन्हा भरावं लागत होतं. त्याने विचारलं, "कोणाच्या गावातून बाई गायब आहे?"

जो तो पाण्याच्या मडक्याकडे वळला.

"पाटील, तुमचा बैल गेला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी ठाण्यात येता. रडता. बाई जाते तेव्हा कोणीच कसं येत नाही?"

एक म्हातारा पाटील चाचरत म्हणाला, "साहेब, रांडमुंड बाई गेली म्हणजे पाट लावूनच गेली, असं समजतो आम्ही. इचारलं त घरच्याची लाज जाते."

"म्हणूनच तो मारतो," फौजदार म्हणाला. "त्याला माहीत आहे तुम्ही विचारत नाही."

मग त्याने शिपायाकडून एक फडकं आणवलं आणि आमच्यापुढे सोडलं. अगदी तसंच, जसं त्या माणसाने सोडलं होतं. त्याच जागी. फडक्यात काकणं होती. गाळ धुतलेला. जाड काच, गर्द हिरवी, मधून पिवळी रेघ.

"ही सगळ्यांच्या हातात एकसारखी आहेत," फौजदार म्हणाला. "इकडच्या एकाही कासाराकडची नाहीत. मारणाऱ्यानेच दिली असणार. तुमच्या पाटाच्या रितीत काकणं पाटलाला दाखवतात, होय ना? मग तुमच्यापैकी कोणीतरी ही पाहिली असतील. त्या माणसाचं तोंडही पाहिलं असेल. पाहा नीट."

फडकं हातोहात फिरू लागलं. माझ्यापर्यंत यायला वेळ होता. बाहेर, चावडीच्या पायरीच्या खाली, उन्हात ती म्हातारी नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. ती काकणांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती. काकणं तिने कधी पाहिलीच नव्हती. गावात ती ओळखू शकेल असा एकच माणूस होता. फडकं माझ्या हातात आलं. मी एक काकण उचललं, उजेडात धरलं, फिरवलं. ते मनगट किती लहान असेल असं काहीतरी डोक्यात आलं.

"पाह्यली नाहीत कधी," मी म्हणालो, आणि फडकं पुढे दिलं.

म्हातारीने बाहेरून विचारलं, "साहेब, माझी सून हाय का त्यात?" फौजदाराने तिला विचारलं की सून कशी गेली. ती सांगू लागली तसा माझा चुलतभाऊ मध्येच बोलला, "साहेब, हिची सून पळून गेली. हिले लाज वाटते म्हणून विडा घेतला म्हणते. पाटलांनी घेतला नाही." फौजदाराने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, आणि म्हातारीचं सांगणं कोणी लिहून घेतलं नाही.

मी तेव्हा बोललो असतो तर फौजदाराला त्या माणसाचं वर्णन मिळालं असतं. वय, बोलणं, बैलांची पारख, दमणी. ते त्याला मिळालं नाही. पुढे पावसाळा संपला तसा लोणारच्या वाटेवर आणखी एक बाई मिळाली. तिच्या हातात तीच काकणं. ती माझ्या गावची नव्हती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचं मरण मात्र निम्मं माझं आहे. यावर मी पुष्कळ वर्षं स्वतःशी वाद घातला, पण दुसरं उत्तर निघालं नाही.

तो शेवटी रोहिणखेडच्या बाजूला सापडला. तिथल्या एका पाटलापुढे त्याने असंच फडकं सोडलं. त्या पाटलाने पाणी दिलं आणि म्हणाला, तुमच्या गावचा आमच्या ओळखीचा माणूस आणा. तो उठून जाऊ लागला, फार घाईने. पाटलाला संशय आला. त्याने बसवून ठेवलं आणि ठाण्यात माणूस पाठवला. इतकं साधं होतं ते. मला ही हकीकत कळली तेव्हा मी जेवत होतो. हात ताटातच राहिला.

ओळख पटवायला आमच्यासारख्या पाटलांना बुलढाण्याला बोलावलं. ठाण्याच्या मागे कडुनिंबाखाली काही माणसं ओळीने बसवली होती. आम्ही एकेकाने त्यांच्यासमोरून चालत जायचं. मला तो लांबूनच दिसला. धोतर मळलेलं, दाढी वाढलेली, पण बसणं तसंच सैल. मी डोळे जमिनीवर ठेवून चालत होतो. त्याच्यासमोर आलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला,

"रामराम, पाटील."

फौजदार लगेच पुढे आला. "हा तुम्हाला ओळखतो?"

मी म्हणालो, "वाटसरू पाटलाले रामराम करतेच, साहेब. मी याले ओळखत नाही."

फौजदार त्याच्याकडे वळला. "काय रे? कुठे पाहिलंस यांना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. मी कशासाठी नाही म्हणतो आहे हे तिथल्या कोणापेक्षा त्याला चांगलं समजलं होतं. मी वाट पाहत उभा होतो की तो बोलेल. खरं सांगायचं तर मनातून मी देवाला म्हणत होतो, याला बोलू देऊ नकोस. आणि तो बोलला नाही.

"खरं हाय साहेब," तो म्हणाला. "पटात यांचे बैल पाह्यले होते. बैलांवरून ओळखतो." मग माझ्याकडे बघून, घरातल्या माणसाने विचारावं तसं, "डावा बरा हाय ना, पाटील?"

त्याला फाशी झाली. ज्या बायांची ओळख कोणी सांगितली त्यांच्यापुरता खटला चालला. बारवेतल्या बाकीच्या तशाच राहिल्या. आमची त्यांतच. फौजदार नंतर एकदा गावावरून जाताना थांबला आणि माझ्याकडे पाणी प्यायला. जाताना म्हणाला, "ज्यांना कोणी आपलं म्हटलं नाही, त्यांचं मी काय करू, पाटील?" त्याला संशय होता का, मला आजही माहीत नाही.

बुलढाण्याहून घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही दारं लावून घेतली, ती रीतच हाय आमची. तुम्ही त तोंड पाह्यलं होतं तिचं." एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. बैलांची जोडी मी विकली. रस्त्यातले खड्डे बुजवले. लोक म्हणाले पाटील सुधारला.

पण म्हातारी दर वर्षी पितृपक्षात माझ्याकडे यायची. ओसरीला येऊन टेकायची आणि एकच विचारायची. "पाटील, घास ठेवू का नको?" तिचा पेच असा होता की सून जिवंत असेल आणि आपण तिच्या नावाने घास ठेवला तर तो जिवंत माणसाचं वाईट चिंतणं होईल. आणि ती गेली असेल पण घास ठेवला नाही, तर ती उपाशी राहील. विडा घेतल्याचं ती पुन्हा कधी बोलली नाही. भांडलीही नाही. मला वाटतं, मी खोटं बोललो हे तिला ठाऊक होतं आणि तरी उत्तर माझ्याकडेच आहे हेही ठाऊक होतं. मी दर वर्षी म्हणायचो, "थांब माय, एखाद वर्ष. काही खबर येईल." ती "बरं" म्हणून उठायची. दर वर्षी उठायला तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

तिची नात मोठी झाली. आवाज आईचाच. गावातल्या बाया भांडणात तिला आईवरून बोलायच्या, आणि एवढ्या आवाजाची पोरगी तेवढ्यापुरती गप्प व्हायची. तिची सोयरीक दोनदा येऊन फिरली. दोन्ही वेळा पाहुणे चावडीवर चौकशीला आले होते आणि दोन्ही वेळा मी "घर चांगलं आहे" म्हणून आईवरचा प्रश्न टाळला होता. टाळणं हेच लोकांना उत्तर वाटलं.

तिसऱ्यांदा दुसरबिडाकडचे पाहुणे आले. मुलाचा आजोबा, म्हातारा, काठी टेकत चावडीची पायरी चढला. मी पाणी दिलं. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पोरगी आवडली पोराले. माह्या सुनेलेही आवडली. पण माय पळून गेली म्हणतात. मी लोकाचं नाही ऐकत. तुम्ही पाटील हाय. तिच्या मायचं काय झालं ते तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर हो का नाही ते करतो."

आणि तो थांबला. घाई नव्हती त्याला. माझे वडील ज्या जागी बसून थांबायचे त्याच जागी तो बसला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नव्हता. मला तेव्हा वाटलं, एवढंच थांबायचं होतं मला.

"इथं नाही सांगत," मी म्हणालो. "चला माझ्याबरोबर. ज्याले सांगायचं त्याच्यापुढंच सांगतो."

आम्ही गल्लीने निघालो तसे लोक मागून येऊ लागले. चुलतभाऊही आला. कोतवालाची दृष्टी अधू झाली होती, तोही मुलाचा हात धरून आला. म्हातारी अंगणात बाजेवर बसून चाचपत तूर निवडत होती. नात आतून बाहेर आली आणि पाहुण्यांना पाहून दाराशीच थांबली. मी बाजेसमोर जमिनीवर बसलो. पाटलाला खाली बसलेलं पाहून कोणीतरी "अरे अरे" म्हणालं.

"कोण हाय?" म्हातारीने विचारलं.

"मी पाटील, माय."

"पितरं त लांब हायेत अजून," ती म्हणाली. "आज काऊन आले?"

मी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तिच्या पायाशी ठेवलं. इतकी वर्षं मनात जे घोकलं होतं त्यातलं एकही वाक्य आलं नाही. आलं ते असं आलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आलं:

"माय, तुझी सून पळाली नाही. ती तुह्या सांगण्यानं अन् माह्या परवानगीनं गेली. मी विडा घेतला होता. तो माणूस कुठला हे मी इचारलं नाही, माह्यं ध्यान बैलात होतं. त्यानंच तिले मारलं. त्या बारवेत ती होती माय. काकणं मी ओळखली होती अन् नाही म्हणालो. बुलढाण्याले त्याले ओळखलं अन् नाही म्हणालो. तुले चावडीवर खोटी पाडली ती मी. पोरी, तुही माय तुले न्यायले येणार होती, मले सांगून गेलती ती, होळीले येतो म्हणून. गावानं तिले जे म्हटलं ते माह्या खोट्यापायी म्हटलं. मी चुकलो. तुह्या पाया पडतो माय, मले माफ नको करू वाटलं त नको करू, पण यंदा तिचा घास ठेव."